दूरचित्रवाणीचे डिजिटल स्थित्यंतर आणि अकोले तालुका

देशातील अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणी बंद करून तिच्या जागी डिजिटल प्रक्षेपण आणणे हे वरवर पाहता अभियंत्यांचे काम वाटत असले, तरी त्यातला खरा अवघड भाग घराघरांतील संचांपाशी असतो; कारण मनोऱ्यावरची यंत्रणा ठरल्या दिवशी बदलता येते, पण जुन्या संचाला सेट-टॉप बॉक्स कोणी जोडून द्यायचा, त्याचे पैसे कोणी भरायचे आणि हा बदल होणार आहे हे शेवटच्या वाडीपर्यंत कोणी सांगायचे, हे प्रश्न तारीख जाहीर केल्याने सुटत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यासारख्या डोंगरी मुलखातून या स्थित्यंतराकडे पाहिले, तर भारतात काय साधले आणि काय राहून गेले हे अधिक ठळकपणे दिसते.

अ‍ॅनालॉग पद्धतीत चित्र व आवाज यांतील चढउतार लहरींवर जसेच्या तसे वाहून नेले जातात, त्यामुळे लहरी क्षीण झाल्या की पडद्यावर मुंग्या येतात, दुहेरी सावल्या पडतात, पण काही ना काही दिसत राहते. डिजिटल पद्धतीत चित्राचे अंकांत रूपांतर करून ते आकुंचित केले जाते, म्हणून जिथे पूर्वी एक वाहिनी मावत असे तिथे अनेक वाहिन्या मावतात. मात्र लहरींचे बळ ठरावीक मर्यादेखाली गेले की चित्र चौकोनांत फुटते, गोठते आणि नाहीसे होते. यातून मोकळा होणारा लहरींचा पट्टा मोबाइल सेवेला देता येतो, आणि जगभरातील सरकारांनी या कामात जी घाई केली तिचे एक मोठे कारण हेच आहे.

भारतातील बदल दोन वेगळ्या वाटांनी झाला. पहिली वाट केबलची. १९९५च्या केबल दूरचित्रवाणी कायद्यात २०११मध्ये दुरुस्ती होऊन चार टप्पे ठरले: मुंबईसह चार महानगरे ३१ ऑक्टोबर २०१२पर्यंत, पुणे, नागपूर, नाशिक यांसह ३८ शहरे ३१ मार्च २०१३पर्यंत, त्यानंतर उरलेली नागरी क्षेत्रे आणि सर्वांत शेवटी ग्रामीण भाग. शेवटच्या टप्प्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७पर्यंत गेली, आणि अकोले तालुक्यातील गावे याच टप्प्यात आली. केबलवाल्याकडे नेमकी किती घरे जोडलेली आहेत, हा आकडा अ‍ॅनालॉग काळात झाकलेला राहत असे. प्रत्येक बॉक्सची नोंद होऊ लागल्यावर तो उघड झाला, त्यामुळे वाहिन्यांना वर्गणीचा वाटा आणि शासनाला कर मिळण्याची सोय झाली. बॉक्सचा खर्च मात्र बहुतांशी ग्राहकावरच पडला.

दुसरी वाट दूरदर्शनच्या मनोऱ्यांची, आणि अकोल्याच्या दृष्टीने तीच अधिक बोलकी आहे. मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुणे परिसरात त्याचे सहक्षेपण होऊ लागले. मनोऱ्यावरून निघणाऱ्या या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात आणि डोंगराआड त्यांची छाया पडते. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड अशा उंच रांगांनी घेरलेल्या रतनवाडी, साम्रद, घाटघर यांसारख्या गावांना ही छाया टाळणे भौगोलिकदृष्ट्याच कठीण होते, आणि वस्ती विखुरलेली असल्यामुळे तिथवर केबल ओढणेही कोणाला परवडणारे नव्हते.

प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१मध्ये जाहीर केले की मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता उरलेले सर्व अ‍ॅनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२पर्यंत बंद होतील. वीज, मनुष्यबळ आणि लहरींचा पट्टा वाचवणारा हा निर्णय योग्यच होता. परंतु ब्रिटनने २००७ ते २०१२ या काळात एकेका प्रदेशाचे प्रक्षेपण बदलताना ७५ वर्षांवरील व अपंग नागरिकांसाठी घरी येऊन बॉक्स जोडून देणारी योजना राबवली होती. अमेरिकेने प्रत्येक कुटुंबाला ४० डॉलरची दोन कूपने देऊ केली आणि ती अपुरी पडताच फेब्रुवारी २००९ची तारीख १२ जूनपर्यंत पुढे ढकलली. भारतात मनोरे बंद होताना अँटेनावर विसंबलेल्या घरांसाठी अशी देशव्यापी मदत उभी राहिली नाही, आणि ही उणीव गंभीर मानली पाहिजे. कारण त्या काळापर्यंत अँटेनावर राहिलेले घर हे बहुधा केबलची वर्गणी न परवडणारे घर होते.

ती पोकळी पुष्कळ अंशी भरून काढली ती दूरदर्शनच्या फ्री डिशने. डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक वर्गणी नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की सह्याद्री वाहिनीसह अनेक वाहिन्या दिसतात. तिचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी स्थिर असल्याने अकोल्यातील छत्री आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर रोखावी लागते, आणि एवढ्या उंचावरून येणाऱ्या लहरींना बहुतेक ठिकाणी डोंगर आडवा येत नाही. जिथे मनोऱ्याने हात टेकले तिथे आकाशातून चित्र आले, ही या तालुक्यापुरती मोठीच गोष्ट आहे.

पावसाळ्यात मात्र या सोयीची मर्यादा कळते. या लहरींची लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर असते, त्यामुळे पावसाचे थेंब त्या शोषून घेतात आणि विखुरतात. मनोऱ्यांच्या लांब लहरींना पावसाचा असा उपद्रव जवळजवळ होत नसे. वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या घाटघर-रतनवाडी पट्ट्यात मुसळधार सर आली की पडदा कोरा होतो, आणि हवामानाची बातमी सर्वाधिक हवी असते ती नेमकी तेव्हाच. छत्रीचा व्यास वाढवला, ती घट्ट बसवून अचूक रोखली, तर हा खंड कमी होतो. छत्री विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला आधीच सांगणे गरजेचे आहे.

फ्री डिशवरही आता आकुंचनाच्या दोन पद्धती शेजारी शेजारी चालतात. काही वाहिन्या जुन्या एमपेग-२ पद्धतीने येतात, तर काही एमपेग-४ने, आणि जुन्या बॉक्सला एमपेग-४च्या वाहिन्या उलगडता येत नाहीत. त्यामुळे पहिल्या बदलात पदरमोड करून बॉक्स घेतलेल्या घरांना त्या वाहिन्या पाहायच्या असतील, तर दुसरा बॉक्स घ्यावा लागतो.