डिझाइन कारागिराचे, हक्क कोणाचा?
नैसर्गिक तंतूंचे लघुउत्पादक आणि सॉल्ट लेकमधील तीन दारे

कोलकात्याच्या पूर्वेकडील खारट दलदलीत हुगळी नदीचा गाळ भरून गेल्या शतकाच्या सातव्या दशकात सॉल्ट लेक ही नवनगरी उभारण्यात आली. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ तिला बिधाननगर असे अधिकृत नाव मिळाले. या नगरीत एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरात तीन शासकीय संस्था आहेत. डीएफ ब्लॉकमधील केंद्रीय कार्यालय संकुलात ताग आयुक्तांचे कार्यालय आहे. एलए ब्लॉकमध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे कोलकाता केंद्र आहे. सेक्टर पाचमधील बौद्धिक संपदा भवनात संपूर्ण देशाची डिझाइन-नोंदणी होते. पहिली संस्था कच्च्या मालाच्या व्यवसायाचे नियमन करते, दुसरी डिझायनर घडवते आणि तिसरी डिझाइनला कायद्याचे संरक्षण देते. नैसर्गिक तंतूंपासून वस्तू घडविणाऱ्या लघुउत्पादकाला या तिन्हींची गरज असते. मात्र तिसऱ्या दारापर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

बारदानाच्या पलीकडे

महाराष्ट्रात 'ताग' म्हटले की हिरवळीच्या खताचे पीक आठवते. बंगालचा 'पाट' हा त्याहून वेगळा. सुतळी, गोणपाट आणि बारदान त्याच्यापासून तयार होते. देशात सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबांचा या पिकाशी संबंध आहे. तागी वेष्टनाच्या सक्तीचा १९८७ चा कायदा हा या उद्योगाचा मोठा आधार होय. त्यानुसार अलीकडच्या वर्षांत अन्नधान्यासाठी १०० टक्के आणि साखरेसाठी २० टक्के तागी वेष्टनाचे प्रमाण ठरविण्यात आले. उद्योगाच्या एकूण उत्पादनात पोत्यांचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश असून त्यांपैकी बहुतांश पोती सरकारी धान्यखरेदीसाठी जातात.

एका ग्राहकावर आणि एका वस्तूवर विसंबलेला उद्योग सुरक्षित दिसला, तरी तो नाजूक असतो. पिशव्या, चटया, पादत्राणे, शोभेच्या वस्तू आणि घरसजावटीचे कापड अशा वैविध्यपूर्ण उत्पादनांवर भर देण्यामागे हेच कारण आहे. ही उत्पादने प्रामुख्याने छोटे कारखानदार आणि महिलांचे बचत गट करतात. पोत्याचा दर शासन ठरवते. पिशवीचा दर मात्र तिच्या रूपावर आणि उपयोगावर ठरतो. म्हणूनच डिझाइन हा येथे उत्पन्नाचा प्रश्न बनतो.

तंतू जाणणारे डिझाइन

कागदावर सुंदर दिसणारे रेखाटन तागावर उतरेलच असे नाही. तागाच्या तंतूत सुमारे १२ टक्के लिग्निन असते. त्यामुळे तंतूला ताठरपणा येतो आणि उन्हात कापड पिवळसर पडते. बेसिक वर्गातील रंग तागावर झळाळून उठतात, पण प्रकाशात लवकर फिके होतात. रिॲक्टिव्ह रंग तुलनेने अधिक टिकतात. ताग फारसा ताणला जात नाही, म्हणून वारंवार दुमडणाऱ्या जागी तो झिजतो. सूतकताईपूर्वी तंतू मऊ करण्यासाठी वापरलेल्या खनिज तेलाचा वास कापडात राहतो. बाजारातील अनेक पिशव्यांना आतून पॉलिथिनचा थर दिलेला असतो. त्यामुळे आकार टिकतो. परंतु पूर्णतः जैवविघटनशील हा दावा तेथे लागू होत नाही.

या मर्यादांवर संशोधन करणारी संस्था कोलकात्यातच, दक्षिणेकडील रीजंट पार्क भागात आहे. १९३८ मध्ये ताग तंत्रज्ञान प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था आज भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय नैसर्गिक तंतू अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. प्रयोगशाळेतील हे ज्ञान डिझायनरच्या मेजावर पोहोचले, तरच कारागिराच्या हाती टिकाऊ नमुना पडतो.

मदतीची रचना

ताग क्षेत्रातील प्रोत्साहनाचे काम राष्ट्रीय ताग मंडळाकडे आहे. २००८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या या मंडळाचे कामकाज १ एप्रिल २०१० पासून सुरू झाले. गांधीनगर येथे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या सहकार्याने मंडळाने ताग डिझाइन कक्ष उघडला. लघुउत्पादकांना अल्प प्रमाणात सूत व कापड मिळावे म्हणून कच्च्या मालाच्या पेढ्या, यंत्रखरेदीसाठी अनुदान आणि विक्रीसाठी प्रदर्शने अशी जोड या मदतीला आहे.

ही जोड महत्त्वाची आहे. नमुन्यातील विशिष्ट कापड पन्नास मीटरच्या प्रमाणात मिळत नसेल, तर तो नमुना कपाटातच राहतो. बेतताना किती कापड वाया जाते, मूठ कोणत्या यंत्रावर शिवली जाते, शंभर नगांना किती दिवस लागतात, या प्रश्नांची उत्तरे रेखाटनासोबतच मिळायला हवीत.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या २०२२ मधील 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजनेत डिझाइन हा स्वतंत्र घटक आहे. त्यात मान्य प्रकल्पखर्चाचा ७५ टक्के वाटा सूक्ष्म उद्योगांसाठी आणि ६० टक्के वाटा लघु व मध्यम उद्योगांसाठी केंद्र शासन उचलते. त्याची कमाल मर्यादा ४० लाख रुपये आहे.

प्रदर्शनाआधी नोंदणी

कार्यशाळेत नवा नमुना तयार होतो, मेळ्यात मांडला जातो, लोकांना आवडतो आणि पुढच्या हंगामात तोच नमुना दुसऱ्याच्या दुकानात कमी दरात दिसतो, हा अनुभव हस्तव्यवसायात नवा नाही. येथे डिझाइन अधिनियम, २००० उपयोगी पडतो. वस्तूचा आकार, रचना, नक्षी वा रंगरेषांची मांडणी यांची नोंदणी झाल्यास १० वर्षे आणि नूतनीकरणानंतर आणखी ५ वर्षे एकाधिकार मिळतो. २०२१ मधील नियमदुरुस्तीनुसार व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी अर्जाचे शुल्क १,००० रुपये, तर इतरांसाठी ४,००० रुपये आहे.

मात्र नोंदणीसाठी डिझाइन नवे असावे लागते. अर्जापूर्वीच ते छायाचित्राद्वारे किंवा विक्रीद्वारे लोकांसमोर आले, तर नावीन्य संपुष्टात येते. केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी सवलत आहे. पण त्यासाठीही नियंत्रकांना आगाऊ सूचना देऊन सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. 'आपली कला आहे, कॉपीराइट आपोआप मिळेल' हा समजही अपुरा आहे. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदविले नाही आणि औद्योगिक पद्धतीने त्याच्या पन्नासहून अधिक प्रती निघाल्या, तर त्यातील कॉपीराइट संपतो.

दुसरा प्रश्न मालकीचा. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनची मालकी कायद्याने, ज्याच्यासाठी ते केले, त्याच्याकडे जाते. सरकारी कार्यशाळेत डिझायनरचे मानधन संस्था देते आणि हातांचे कौशल्य कारागीर देतो. अशा वेळी हक्क बचत गटाचा की संस्थेचा, हे आरंभीच लेखी ठरणे हिताचे असते.

पारंपरिक नमुन्यांना हा कायदा पुरत नाही, कारण ते नवे नसतात. त्यांच्यासाठी भौगोलिक मानांकनाचा मार्ग आहे. मेदिनीपूरच्या मादुरकाठी चटईला २०१८ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये हे मानांकन मिळाले. तरीही २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला आल्या, तेव्हा मानांकन मिळाल्यावरही जागरूक राहावे लागते, हे महाराष्ट्राने पाहिले.

महाराष्ट्रासाठी बोध

जळगाव जिल्ह्यात घड काढल्यावर केळीचे खोड शेतातच उरते. कोकणात नारळाचे सोडण असते, तर माळरानावर घायपात उगवते. अंबाडीची भाजी सर्वांना ठाऊक असली, तरी तिच्या वाखाचे दोर वळणारे हात कमी झाले आहेत. या प्रत्येक तंतूचा स्वभाव वेगळा आहे. काथ्यात लिग्निनचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक असते. तागासाठी योग्य ठरलेली रंगाई किंवा वीण त्याला जशीच्या तशी लागू पडणार नाही.

तंतू काढण्याचे यंत्र आणि प्रशिक्षण यांवर गटाचे लक्ष प्रथम जाते, हे स्वाभाविक आहे. परंतु तंतू विकून मिळणारा दर आणि वस्तू विकून मिळणारा दर यांतील अंतर डिझाइनच भरून काढते. त्यासाठी गटांनी क्रम पाळावा: प्रथम तंतूची तपासणी, मग डिझायनरसोबत नमुना, नंतर मालकीचा लेखी करार आणि नोंदणीचा अर्ज, आणि शेवटी प्रदर्शन. अर्ज ऑनलाइन करता येतो; त्यासाठी जळगाव किंवा कुडाळहून सॉल्ट लेक गाठण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती मेळ्याचा मंडप उभा राहण्यापूर्वी तो अर्ज दाखल होण्याची.