दात : राखावा, बसवावा की काढावा?

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्या वडीलधाऱ्यांनी कोकणात असताना पुष्कळदा ऐकविली असेल. इस्राएलमध्ये आल्यावर चण्यांची ददात मिटली, दातांची मात्र मिटली नाही. अश्दोद असो, लोद असो की दिमोना, मलिद्याचे ताट फिरू लागले की पोह्यांतले खोबरे हळूच बाजूला सारून केवळ केळ्याचा तुकडा उचलणारी मंडळी आपल्याला दिसतातच. त्यांपैकी कित्येकांजवळ कवळी असते. परंतु ती घरी, कपाटाच्या खणात!

याचे एक कारण भाषेचे आहे. दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला सतिमा, केतेर, गेशेर, शेतेल, तोतेवेत असे शब्द भराभर ऐकविले जातात आणि आमचे वृद्ध स्नेही प्रत्येक शब्दाला "केन, केन" म्हणून मान डोलावतात. त्या शब्दांत एखादा "अकीरा" म्हणजे दात उपटणेही असते, आणि उपटलेला दात परत येत नाही. म्हणून या शब्दांचा अर्थ आपल्या भाषेत समजून घेणे अगत्याचे आहे.

दात म्हणजे डोळ्यांना दिसतो तेवढाच नव्हे. त्याचे मूळ हिरडीखाली हाडात रुतलेले असते, आणि जबड्याच्या हाडाचा तो वरचा कंगोरा मुळांच्या आधारानेच टिकून राहतो. दात काढला की तो झिजू लागतो. पहिल्या वर्षी झपाट्याने, पुढे सावकाश, पण जन्मभर. कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षे केलेली एक पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तीत खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. खालचीच कवळी का डुगडुगते, याचे उत्तर येथे आहे. तेव्हा दंतवैद्याला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, की मूळ वाचविता येईल काय?

कीड थोडी असेल तर सतिमा, म्हणजे दात भरणे, पुरते. पूर्वी चांदी भरीत. त्या मिश्रणात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, विशेष वैद्यकीय गरज वगळता, तिचा वापर थांबविला आहे. म्हणून तोंडातली जुनी, घट्ट बसलेली चांदी घाबरून उकरून काढण्याचे कारण नाही. उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक निघते. आता दाताच्या रंगाचे राळेचे मिश्रण भरतात.

कीड नसेपर्यंत पोहोचली की "तिपुल शोरेश", अर्थात रूट कॅनाल. याविषयी आपल्यात विलक्षण धास्ती आहे आणि "एकदाचा काढून टाका, डॉक्टर" असे सांगणारे पुष्कळ. वस्तुतः बधिर केल्यावर हा उपचार दात काढण्याहून अधिक त्रासाचा नसतो. आतील सडलेली नस काढून पोकळी निर्जंतुक करावयाची व बंद करावयाची; दात निर्जीव होतो, पण मूळ हाडात राहते. किडीने व कोरण्याने पोखरलेली दाढ चावताना फुटू नये म्हणून तिच्यावर केतेर, म्हणजे टोपी, चढवितात. टोपी धातूची, धातूवर चिनीमातीची किंवा झिरकोनियाची असते. मागच्या दाढेला रूपापेक्षा बळकटी महत्त्वाची, हे ध्यानी ठेवावे. रूट कॅनाल करून टोपी पुढे ढकलणे आणि वर्षभराने दाढ दुभंगणे, हा प्रकार फार घडतो.

दात गेलाच, तर रिकामी जागा तशीच सोडू नये. बाजूचे दात तिकडे कलतात व समोरचा दात लांबतो. गेशेर म्हणजे पूल. दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर टोप्या बसवितात व मधला खोटा दात त्यांना जोडलेला असतो. शेजारच्या दातांना आधीच टोप्यांची गरज असेल तर पूल उत्तम. ते धडधाकट असतील तर एका दातासाठी दोन निरोगी दात तासणे आमच्या मते महागाचा सौदा होय.

अशा वेळी शेतेल, म्हणजे इम्प्लांट, विचारात घ्यावे. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५०नंतरच्या वर्षांत सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसविलेले टायटॅनियमचे उपकरण काम संपल्यावर निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसले होते. त्यातूनच हाडात धातूचे मूळ रोवण्याची कल्पना निघाली आणि १९६५ साली पहिल्या रुग्णावर ती अमलात आली. मूळ हाडात रुजण्यास काही महिने लागतात. धूम्रपान करणाऱ्यांत व मधुमेह आटोक्यात नसलेल्यांत ते अपयशी होण्याचा धोका अधिक असतो. शिवाय त्याला कीड लागत नसली तरी भोवतालची हिरडी सुजते व हाड झिजते. म्हणून घासणे चुकत नाही.

आता तोतेवेत, आपली कवळी. हा शब्द आजचा नव्हे. मिश्नाच्या शब्बाथ प्रकरणात, स्त्रीने शब्बाथला खोटा दात किंवा सोन्याचा दात लावून बाहेर जावे काय, या वादात तो आलेला आहे! वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला तो आधार नाही, आणि जीभ तिला सतत हलविते. परंतु खालच्या जबड्यात पुढच्या बाजूस केवळ दोन शेतेल रोवले, तर कवळी त्यांवर टिचबटणासारखी बसते, आणि रात्री काढताही येते. सगळे दात गेलेल्यांसाठी हीच प्रथम पसंतीची योजना असावी, असा अभिप्राय माँट्रियाल येथे २००२ साली तज्ज्ञांनी दिला.

आपल्या वृद्धांना बहुधा ठाऊक नसते ते हे, की इस्राएलच्या आरोग्य-योजनेत वृद्धांच्या दंतोपचारांचा समावेश २०१९ साली ७५ वर्षांवरील व्यक्तींसाठी झाला आणि २०२२ साली ही मर्यादा ७२ वर आणण्यात आली. त्यात कवळ्या तर आहेतच, शिवाय खालची कवळी धरून ठेवणारे दोन शेतेलही आहेत. उपचार अगदी फुकट नव्हेत. स्वतःचा वाटा भरावा लागतो. खासगी दवाखान्यात पैसे मोजण्यापूर्वी आपल्या कुपत होलिममध्ये चौकशी करावी आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा.

जाताना हिब्रू चांगले जाणणारा मुलगा, सून किंवा नातू बरोबर न्यावा व चालू औषधांची यादी न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या वा इंजेक्शने घेत असाल तर दात काढण्यापूर्वी ते अवश्य सांगावे, कारण त्यांमुळे क्वचित जबड्याची जखम भरून येत नाही. जुनी कवळी सैल झाली असेल तर तीही सोबत असू द्यावी. आतून नवा थर देऊन ती पुष्कळदा नीट बसविता येते. धुताना उकळते पाणी मात्र वापरू नये, तिचा आकार बिघडतो.