आखूड गिटारीचा खर्ज

भाच्याने त्याची छोटी मस्टँग गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मामा, बॅरिटोन केलीय, पण वाजतच नाही." मी सहावी तार छेडली. ती फ्रेटांवर तडतडली, बोटाखाली इकडून तिकडे सरकली, आणि जो आवाज निघाला त्यातला सूर कोणता हे ट्यूनरलाही ठरवता येईना. त्याने सगळ्या खुंट्या पिळून गिटार पाच अर्धस्वर खाली उतरवली होती. तारा मात्र दुकानातून आल्या तेव्हाच्याच, दहाच्या, म्हणजे नेहमीच्या जाडीच्या सेटच्या.

बॅरिटोन गिटार म्हणजे नेहमीची गिटार आणि बेस गिटार यांच्या मधली बहीण. नेहमीच्या गिटारीची सर्वांत जाड तार ‘ई’ला लावतात, सेकंदाला साधारण 82 कंपनं. बॅरिटोनची तीच तार बहुधा ‘बी’ला असते, सेकंदाला 62 च्या आसपास. बाकीच्या पाचही तारा त्याच हिशेबाने खाली येतात, त्यामुळे बोटांचे आकार बदलत नाहीत. ‘ई’ कॉर्डचा आकार धरायचा आणि ऐकू येतो तो ‘बी’ कॉर्ड. हाताला सगळं ओळखीचं असतं, आवाज तेवढा तळघरातून आल्यासारखा भारदस्त होतो. डॅनेलेक्ट्रोने 1956 साली सहा तारांचा बेस काढला आणि फेंडरने 1961 मध्ये ‘बेस सिक्स’. त्या वाद्यांनी हा खोल, टणत्कारी आवाज अमेरिकी रेकॉर्डिंगमध्ये रुजवला. ड्वेन एडीच्या वाद्यसंगीतात तो ऐकला असेल तर विसरणं अवघड.

अडचण लांबीची आहे. नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग मोकळा थरथरतो त्याला स्केल म्हणतात. स्ट्रॅटोकास्टरचं स्केल साडेपंचवीस इंच, बॅरिटोन म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारींचं सत्तावीस ते तीस इंच, आणि भाच्याच्या मस्टँगचं चोवीस. छोट्या हातांसाठी, शिकणाऱ्यांसाठी काढलेलं हे माप. ज्या वाद्याला खाली उतरायला लांबी हवी, नेमकं त्याच्याकडेच ती कमी.

फ्रान्समधल्या मारँ मर्सेनने 1636 साली आपल्या ग्रंथात तारेचे नियम मांडले, ते आजही प्रत्येक गिटारीला तंतोतंत लागू आहेत. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. लांबी वाढवली तर सूर उतरतो, ताण कमी केला तर उतरतो, तार जड केली तरी उतरतो. भाच्याने यातला एकच रस्ता धरला होता, ताणाचा. चोवीस इंचांच्या गिटारीवर 46 गेजची, म्हणजे 0.046 इंच जाडीची, तार ‘ई’ला लावली की तिच्यावर साधारण सात किलोचा ताण असतो. तीच तार ‘बी’पर्यंत सैल केली की उरतात चार किलोही नाहीत. एवढ्या ढिल्या तारेला पिकने मारलं की ती आधी ताणली जाते, सूर वर उडतो आणि मग हळूहळू खाली बसतो. ट्यूनर गोंधळला तो त्यामुळे.

दुसरा रस्ता लांबीचा. तीच तार, तोच ताण ठेवून पाच अर्धस्वर खाली जायचं तर साडेपंचवीस इंचांचे चौतीस इंच करावे लागतील. चौतीस इंच हे पूर्ण आकाराच्या बेस गिटारीचं माप आहे! म्हणजे बाजारातल्या बॅरिटोनसुद्धा केवळ लांबीवर हे साधत नाहीत. थोडी लांबी आणि थोडं वजन, अशी त्यांची तडजोड असते. आपल्याकडे लांबी नाही, म्हणून आपण सगळा भार वजनावर टाकायचा.

ज्याने तंबोरा जवळून पाहिला आहे त्याला हे नवं वाटू नये. तंबोऱ्याच्या चारही तारांची लांबी सारखीच. तरी जोडीच्या तारा मध्य षड्जावर आणि खर्जाची तार त्याच्या पूर्ण सप्तकभर खाली. जोडीच्या तारा पोलादी आणि बारीक, खर्जाची पितळी आणि जाड. मिरजेच्या कारागिराने खर्जासाठी दांडी लांबवली नाही, तार बदलली. आखूड गिटारीवर आपल्याला तेच करायचं आहे.

किती जड तार? इथे एक सुंदर योगायोग आहे, आणि मला या साऱ्या खटाटोपातला तो सर्वांत आवडता भाग वाटतो. ‘बी’ला लावलेल्या बॅरिटोनचे सूर जाडीकडून बारीककडे बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी असे येतात. नेहमीच्या गिटारीचे ई, ए, डी, जी, बी, ई. शेजारी शेजारी लिहून पाहा. बॅरिटोनची पाचवी तार म्हणजे नेहमीची सहावी. चौथी म्हणजे नेहमीची पाचवी. तिसरी म्हणजे चौथी. दुसरी तिसरीपेक्षा अर्ध्याच स्वराने खाली. पहिली म्हणजे नेहमीची दुसरी. म्हणजे जुन्या पाच तारा एकेक घर सरकवायच्या, सर्वांत बारीक तार काढून टाकायची आणि जाड बाजूला एक नवी तार आणायची. दहाच्या सेटमध्ये तारा 10, 13, 17, 26, 36, 46 अशा असतात. सरकवल्यावर 13, 17, 26, 36, 46 आणि जोडीला 62. बॅरिटोनसाठी विकतात तो हलका संच नेमका असाच असतो. तो आपल्याकडच्या दुकानात हाताशी नसेल तर सात तारांच्या गिटारीचा 10 ते 62 चा संच घ्या आणि त्यातली दहाची तार बाजूला ठेवा. सात तारांची गिटार वाजवणारी मेटलवाली पोरं सगळ्या शहरांत आहेत, त्यामुळे हा संच मिळणं त्यामानाने सोपं.

नेकची भीती अनेकांना वाटते: इतक्या जाड तारा, दांडी वाकणार नाही का? हिशेब करून पाहिला. चोवीस इंचांवर दहाचा नेहमीचा सेट नेहमीच्या सुरात साधारण 41 ते 42 किलोंनी नेक ओढतो. सरकवलेला संच ‘बी’मध्ये जवळपास तेवढाच. एक बारीक तार गेली, एक जाड आली, ‘जी’ची तार अर्ध्या स्वराने सैलावली, आणि बेरीज होती तिथेच राहिली. नेकला फरक कळत नाही म्हटलं तरी चालेल. 62 ची तार साडेसात किलोंच्या थोडी खाली राहते, म्हणजे जुन्या सहाव्या तारेपेक्षा किंचित घट्टच. एवढी ताठ तार पिकला उत्तर देते. 17 ची तार मात्र एफ शार्पला थोडी मऊ लागते. मी तिच्या जागी 18 ची लावतो. ‘बी’च्याही खाली, ‘ए’पर्यंत जावं का, असं भाच्याने विचारलं. चोवीस इंचांवर जाऊ नये, हे माझं मत. तिथे 72 च्या आसपासची तार लागते, आणि एवढ्या आखूड लांबीवर ती तारेसारखी कमी आणि सळईसारखी जास्त वागते.

आता खरं काम नटवर. नट म्हणजे डोक्याकडची ती पांढरी पट्टी, सतारीच्या भाषेत आडी. तिच्या खाचा जुन्या तारांच्या मापाने कोरलेल्या असतात. 46 च्या खाचेत 62 ची तार बसत नाही, वर तरंगते. मग पहिल्या फ्रेटवर बोट दाबलं की सूर चढतो, आणि ट्यूनिंग करताना तार खाचेत अडकून ‘टिंग’ असा आवाज करत धक्क्याने सुटते. फरक फक्त 0.4 मिलिमीटरचा आहे, पण तो अचूक काढावा लागतो. सहावीचीच नाही, सगळ्या खाचा थोड्या रुंदवायच्या, कारण प्रत्येक तार एक पायरी जाड झाली आहे. यासाठी नटच्या कानशी मिळतात, पण महाग. वेल्डिंगच्या नोझलची छिद्रं साफ करायच्या बारीक दातेरी सळ्यांचा संच हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि या कामाला छान चालतो. खाच डोक्याकडे किंचित उतरती ठेवायची, म्हणजे तार फ्रेटबोर्डाच्या बाजूच्या कडेवरच टेकते. खोली तारेच्या निम्म्या जाडीएवढी. चारदा घासायचं, तार बसवून बघायची, पुन्हा चारदा. जास्त खोल गेलेली खाच परत भरणं सोपं नसतं. घाईचा माणूस असेल तर हे काम कारागिराला द्यावं.

खुंटीच्या दांड्याच्या छिद्रात 62 ची तार बहुतेक वेळा जाते. नाही गेली तर टोकाचं वरचं वेटोळं उलगडून आतली गाभ्याची तारच तेवढी ओवायची. जाड तार म्हणजे मध्ये पोलादी गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेली निकेलची तार. असं करण्यामागे कारण आहे: अखंड पोलादाची एवढी जाड तार वाकणारच नाही, तिला वजन हवं पण ताठरपणा नको. हे वेटोळं सुटू नये म्हणून कापण्याआधी तार काटकोनात वाकवायची, मगच कापायची. मी पहिल्यांदा सरळ कापली होती. वेटोळं आतून सैल झालं, तारेतला सूरच मेला आणि नवी कोरी तार टाकावी लागली. हे दुखणं बाहेरून दिसत नाही.

मग इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरचा सूर खरा आहे की नाही हे पाहणं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं टेकून काढलेला हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर एकच आला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागे न्यायचं. जाड तार ताठर असते, दोन्ही टोकांना जराशी वाकायला नकार देते. म्हणून तिची थरथरणारी लांबी मोजलेल्या लांबीपेक्षा थोडी कमी ठरते आणि सॅडल जास्त मागे न्यावं लागतं. आखूड स्केलवर हा त्रास वाढतो. स्क्वायर बुलेट मस्टँगसारख्या साध्या ब्रिजवर सहावं सॅडल मागे जाता जाता स्प्रिंगवर अडतं. स्प्रिंग कापून अर्धी करा किंवा काढूनच टाका, तारेचा दाब सॅडलला जागेवर धरतो. जुन्या पद्धतीच्या, तरंगत्या ब्रिजच्या मस्टँग आणि जॅग्वारवर काम नाजूक असतं. जोरात वाजवताना तार सॅडलवरून उडू शकते.

ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, आणि तारांची उंची यांवर फार वेळ घालवू नये. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट दिसली की पुरे. फिरवायचाच झाला तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा. बाराव्या फ्रेटवर सहावी तार 2.2 मिलिमीटर, पहिली 1.6. खालच्या तारा रुंद झोके घेतात, त्यांना जागा हवी. मुंबईत किंवा कोकणात ऐन पावसाळ्यात सेटअप केला असेल तर दिवाळीच्या कोरड्या हवेत तो एकदा पुन्हा तपासावा, लाकूड तोवर आपला बाक बदलतं.

आवाजाचं काय? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की चोवीस इंची बॅरिटोन सत्तावीस इंचीसारखी वाजत नाही. लांब तारेत वरचे स्वरांश स्वच्छ आणि जवळजवळ पूर्ण पटींत येतात. आखूड जाड तारेत ताठरपणामुळे ते थोडे चढे होतात, म्हणून आवाज गडद आणि दाट. डिस्टॉर्शन लावून पूर्ण कॉर्ड मारला तर चिखल होतो. जाड बाजूने पिकअप थोडा खाली करा, डिस्टॉर्शनच्या आधी बास कमी करा, गेन नेहमीच्या निम्म्यावर आणा, आणि पाच-सहा सुरांऐवजी दोन-तीन सूर वाजवा. गिटारीच्या अनेक नावाजलेल्या बारा इंची स्पीकरांचा स्वतःचा अनुनाद सेकंदाला 75 कंपनांच्या आसपास असतो. त्याखालचा 62 चा मूळ सूर ते मोकळेपणाने देतच नाहीत. तरी आपल्याला ‘बी’ ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणून वरचे स्वरांश झाकले जाणार नाहीत याची काळजी घ्यायची.

आखूड स्केल आणि खाली उतरवलेल्या तारा ही जोडी नवी नाही. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा पुढचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, त्यामुळे गेली ती तारा दाबणाऱ्या हाताची. वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून आणि हलक्या तारा लावून तो परत गिटारीकडे आला. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधल्या काही गाण्यांत त्याने पावणेपंचवीस इंची गिब्सन तीन अर्धस्वर खाली उतरवली. सैल तारा दुखऱ्या बोटांना सोप्या, आणि ‘ब्लॅक सॅबथ’चा आवाज आणखी जड. त्याने ताणाचा रस्ता धरला, तोच जो भाच्याने धरला होता. पण तीन अर्धस्वरांना तो पुरतो, पाचांना पुरत नाही.

रविवारी दुपारी तार बसवली, खाचा घासल्या, सॅडल सरकवलं. चहा होईपर्यंत तारा ताणून बसू दिल्या आणि पुन्हा सुरात आणल्या. भाच्याने ‘ई’चा आकार धरला, हलकेच सहा तारांवरून पिक उतरवला आणि कान गिटारीच्या लाकडाला लावला. मी त्याच्याकडून गिटार घेणार होतो, एकदा इंटोनेशन बघायला. त्याने दिली नाही.