रात्री निघून सकाळी पोचण्याचा बेत
लांबच्या वाटेवर : लेखांक ६

गेल्या आठवड्यात टायरची हवा, टायरचं वय आणि गाडीतलं ओझं यांविषयी लिहिलं. गाडी तपासून झाली. आता ती चालवणाऱ्याकडे वळू.

लांबच्या प्रवासाचा आपल्याकडे एक ठरलेला बेत असतो. दिवसभर कामं उरकायची, रात्री जेवून निघायचं, उजाडता उजाडता गावी पोचायचं. रस्ता मोकळा मिळतो, ऊन लागत नाही, मुलं मागे झोपून जातात, रजेचा एक दिवस वाचतो. गणपतीला मुंबई-पुण्याहून कोकणात निघणाऱ्या कितीतरी गाड्या याच हिशेबाने सुटतात. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण या हिशेबात गाडी चालवणाऱ्याची झोप कुणीच धरलेली नसते.

सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडीत बसतो, तेव्हा तो सतरा तास जागा असतो. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकदा माणसांना जागं ठेवलं, एकदा मोजून मद्य दिलं, आणि दोन्ही वेळा त्यांच्या हाता-डोळ्यांचा मेळ तपासला. सतरा तासांच्या जागरणानंतर तो मेळ जितका बिघडला, तितकाच तो रक्तात 0.05 टक्के मद्य असताना बिघडत होता. चोवीस तासांनंतरची अवस्था साधारण 0.10 टक्क्यांची होती. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. दारूचा थेंबही न घेतलेला, घरच्यांच्या काळजीने सावकाश गाडी हाकणारा माणूस प्रवासाच्या सुरुवातीलाच त्या रेषेपलीकडच्या अवस्थेत असू शकतो. फक्त त्याला अडवणारं कुठलं यंत्र नाही.

यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. शिवाय शरीराचं घड्याळ मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत सतर्कता खाली नेतं. दुपारी दोन ते चारच्या सुमारास तसाच, पण सौम्य, उतार येतो. पहाटे तीन-चारला झोपेचा दाब आणि रात्रीचा हा उतार एकत्र येतात. मग डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद मिटतो. ताशी 120 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे सव्वाशेहून जास्त मीटर, आणि त्या अंतरात ब्रेकवर पाय पडलेला नसतो. झोपेतली धडक म्हणूनच बहुधा पुऱ्या वेगाने होते.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर खुला आहे. त्याच्या सरळ, रिकाम्या पट्ट्यात डोळ्यांना काही कामच उरत नाही आणि झोपेला आयती वाट मिळते. कोकणातली वळणं माणसाला जागं ठेवतात खरी, पण तिथे दोन सेकंदही फार होतात.

झोप येतेय का, असं चालकाला विचारलं की उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असंच येतं. तो खोटं बोलत नसतो. थकलेल्या मेंदूला स्वतःची पेंग नीट मोजताच येत नाही. म्हणून त्याच्या उत्तरापेक्षा खुणांवर भरवसा ठेवा: मागचा फाटा कधी गेला ते न आठवणं, गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकणं, वेग विनाकारण कमी-जास्त होणं. शेजारी बसणाऱ्याने जागं राहायचं आणि 'थांब' म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे, हे घरातूनच ठरवून निघावं. सर्दीच्या, ॲलर्जीच्या किंवा गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, तेही विसरू नये.

काच उघडणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूची चिमूट: याने काही मिनिटं हुशारी वाटते, झोप हटत नाही. झोपेवर उपाय झोपच. उजेड आणि माणसांची जाग असलेल्या पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर थांबावं, कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावे. कॉफीचा असर चढायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, तेवढ्यात डुलकी पुरी होते. इंजिन बंद ठेवावं, काच थोडी खाली असावी. रस्त्याच्या कडेला मात्र झोपू नये. मागून येणारा ट्रकवालाही तुमच्याइतकाच पेंगलेला असू शकतो.

आणि गाडी भाड्याची असेल तर? याबद्दल आपण फार कमी बोलतो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून कुटुंब भक्तनिवासात आडवं होतं. ड्रायव्हर पार्किंगमध्ये सीट मागे टाकून डासांत रात्र काढतो. पहाटे त्याच्याच हाती आपण लेकरंबाळं सोपवतो. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला साधारणपणे आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पण तो कायदाही पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता. एका गाडीच्या मालकाला कोण विचारणार? आपणच विचारायचं. गाडी ठरवताना दराबरोबर हेही विचारावं की ड्रायव्हर आधीच्या फेरीवरून कधी परतला आणि झोपला किती. मुक्कामी त्याच्यासाठी खाट आणि पंखा आपल्या खर्चात धरावा. हा उपकार नाही. ते भाडंच आहे.

आता बेताकडे. रात्री अकराला निघण्याऐवजी सगळ्यांनी दहाला झोपावं आणि उजाडताना निघावं. सावंतवाडी संध्याकाळपर्यंत गाठता येते. ते जमत नसेल तर चिपळूणला किंवा कोल्हापूरला मुक्काम करावा. नागपूरला जाणाऱ्यांनी शिर्डीला किंवा छत्रपती संभाजीनगरला. दर दोन तासांनी थांबायचं, कुणाला झोप आलेली असो वा नसो. रजेचा एक दिवस जाईल, तो आधीच मागून घ्यावा.

पुढच्या आठवड्यात घाट: उतारावर ब्रेक का तापतात आणि गिअर कोणता ठेवायचा.