हर्फ जोडणारा इंजिनिअर

शाळेत भेटायला येणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, मुलाला सॉफ्टवेअर इंजिनिअर करायचं आहे. मग ही उर्दू कशाला? पुढे तिचा काय फायदा?" अम्मी-अब्बांची ही काळजी खोटी नाही. पोटाला चिमटा काढून मुलांना तालीम देणाऱ्या घराला रोजगाराचा विचार करावाच लागतो. पण या प्रश्नामागे एक समजूत आहे. ती अशी की संगणक वेगळा आणि घरची जबान वेगळी. एक धरायचे तर दुसरे सोडावे लागते. ही समजूत कितपत खरी आहे, ते एका इंजिनिअरच्या कामावरून पाहू. त्याचे काम आपल्यापैकी अनेकांच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे, नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

बेहदाद इस्फहबोद यांचा जन्म १९८२ साली इराणमधील सारी या शहरात झाला. शाळेत असतानाच आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये त्यांनी १९९९ साली रौप्यपदक आणि २००० साली सुवर्णपदक मिळवले. पुढे तेहरानच्या शरीफ विद्यापीठात ते संगणक अभियांत्रिकी शिकले. तिथेच त्यांना अक्षरांचा छंद लागला. फारसी भाषा संगणकावर नीट लिहिता-वाचता यावी म्हणून सुरू झालेल्या 'फारसीवेब' या कामात ते पहिल्यापासून होते.

आता कोणी म्हणेल, अक्षरे दाखवण्यात एवढे अवघड काय आहे? इंग्रजीत फारसे नाही. ए, बी, सी शेजारी शेजारी मांडले की शब्द तयार होतो. पण उर्दूचा 'बे' घ्या. तो एकटा असताना वेगळा दिसतो, शब्दाच्या सुरुवातीला वेगळा, मध्ये वेगळा आणि शेवटी वेगळा. संगणक मात्र 'बे' एकच म्हणून साठवतो. त्यातला कोणता आकार कुठे दाखवायचा, हे दर वेळी ठरवावे लागते. नस्तालीकमध्ये तर शब्द उतारावरून खाली येतो, त्यामुळे पहिला हर्फ किती वर ठेवायचा हे पुढच्या हर्फांवर अवलंबून असते. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो आणि त्यातच आलेला फोन नंबर डावीकडून उजवीकडे वाचायचा असतो! आपल्याकडची उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबांच्या हातून लिहून घेतली जात, त्याचे मोठे कारण हेच.

मराठीची अडचणही तशीच आहे. 'कि' लिहिताना आपण आधी 'क' टाइप करतो, मग वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी 'क'च्या आधी दिसायला हवी. 'क्ष' मध्ये क, हलन्त आणि ष मिळून एक नवाच आकार होतो. हे सगळे नियम कोणीतरी यंत्राला शिकवावे लागतात.

ते शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव आहे 'हार्फबझ'. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज़' म्हणजे खुले. आज अँड्रॉइड मोबाईल, क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझर, लिब्रेऑफिस अशा कितीतरी ठिकाणी अक्षरे जोडण्याचे काम तेच करते. अँड्रॉइड मोबाईलवर आपण खालाजानला उर्दूत ईद मुबारक पाठवतो आणि शेजारच्या काकूंना मराठीत दिवाळीच्या शुभेच्छा देतो, तेव्हा दोन्ही लिप्यांच्या मागे हे एकच सॉफ्टवेअर राबत असते. शिवाय ते खुले आहे. कोणीही ते विनामूल्य वापरावे, आतला कोड वाचावा, सुधारावा.

या कामानेच बेहदाद यांची कारकीर्द घडवली. २००३ मध्ये ते कॅनडात गेले आणि टोरंटो विद्यापीठातून संगणकशास्त्राची मास्टर्स पदवी व एमबीए झाले. रेड हॅट, २०१० पासून गुगल आणि २०१९ मध्ये फेसबुक अशा कंपन्यांत त्यांनी नोकरी केली. २०१३ साली त्यांना ओ'रायली ओपन सोर्स पुरस्कार मिळाला. कंपन्या बदलल्या, पण अक्षरांचे काम सुटले नाही.

वाट नेहमीच सोपी नव्हती. जानेवारी २०२० मध्ये घरच्यांना भेटायला तेहरानला गेले असता त्यांना अटक झाली आणि सात दिवस एविन तुरुंगात एकांत कोठडीत ठेवले गेले. ओळखीच्या लोकांची माहिती पुरवावी म्हणून आपल्यावर दबाव आणला गेला, असे त्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीरपणे सांगितले. या प्रसंगाचा मनावर खोल परिणाम झाला, हेही त्यांनी लपवले नाही. ऑलिंपियाडचे पदक आणि मोठ्या कंपनीतली नोकरी असली, तरी माणसाचे मन दुखावते. आपल्या घरातली हुशार मुले गप्प गप्प राहू लागली, तर त्यांच्या गुणपत्रिकेकडे पाहून निश्चिंत होऊ नये.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. नुसत्या उर्दूने नोकरी मिळत नाही, हे खरे आहे. बेहदाद यांचेही गणित पक्के होते आणि जगभरच्या लोकांबरोबर काम करण्यासाठी इंग्रजीही लागली. पण त्यांचे गणित ज्या कामाला लागले, ते काम त्यांना घरच्या जबानीने दाखवले. ज्याने कधी उर्दू वाचलीच नाही, त्याला पडद्यावर तुटलेला हर्फ खटकणार कसा?

आणि हे काम संपलेले नाही. बोलून लिहिणे, शब्द शोधणे, चुका तपासणे, अनुवाद, नवे फॉन्ट या सगळ्यांत उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या माणसांची गरज आहे. आपल्या मुलांकडे या दोन्ही भाषा आहेत, शिवाय हिंदी-इंग्रजी आहेच. तेव्हा मुलाला गणित जरूर शिकवा, कोडिंग शिकवा, इंग्रजीही शिकवा. पण रात्री अर्धा तास त्याला दादीजानला उर्दू वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगा. तोही त्याच्या अभ्यासाचाच भाग समजा.