बॅज लावलास का?

हिंदमाताला बसमधून उतरलात की साड्यांची दुकानं मागे टाकत परळच्या दिशेने चालू लागा. केईएम आणि टाटा मेमोरियलच्या आसपासच्या गर्दीत एखाद्याच्या खिशाला आयकार्डाशेजारी छोटासा प्लास्टिकचा बॅज दिसला, तर समजा, स्वारी ड्युटी संपल्यावर तो काढून ठेवायला विसरलीय. तो टीएलडी बॅज. एक्स-रे, सीटी स्कॅन, रेडिओथेरपीत काम करणाऱ्याच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, याचा हिशेब तो ठेवतो.

या हिशेबाची जुनी गोष्ट भन्नाट आहे, थोडी भीतीदायकही. 1940-50च्या दशकांत अमेरिकेच्या अणुचाचण्यांवेळी हवाई दलाचे वैमानिक नमुने गोळा करायला थेट स्फोटाच्या ढगात शिरायचे. अंगावर फिल्म बॅज असायचा. किरणं लागली की आतली फिल्म काळवंडायची. पण शरीराच्या आत किती पोचतंय? 1955मध्ये नेवाडातल्या चाचण्यांत काहींनी चक्क फिल्मची कॅप्सूल गिळली. नंतर ओढून काढता यावी म्हणून दोरा तोंडात धरून! आपल्याला एंडोस्कोपीच्या नावानेच घाम फुटतो.

आपल्याकडे गिळायचं काही नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या साठवतात आणि लॅबमध्ये तापवल्या की प्रकाश देतात. प्रकाश जितका जास्त, डोस तितका जास्त. मर्यादाही ठरलेली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30च्या वर नाही.

ऐकायला सोपं. माझी एक मैत्रीण रेडिओग्राफी शिकते. तिच्या बॅचला इंटर्नशिपचे पहिले काही आठवडे बॅज मिळालेच नव्हते. काम मात्र सुरू. त्या दिवसांचा डोस किती, हे आता कुठला बॅज सांगणार? आणि काही सीनियर्स तर रिपोर्ट जास्त आला की चौकशी होईल म्हणून बॅज ड्रॉवरमध्येच ठेवतात. मग रिपोर्ट मस्त येतो, ड्रॉवरचा.

बॅज किरणं अडवत नाही हं, ते काम शिशाच्या अॅप्रनचं. बॅज छातीवर, त्या अॅप्रनच्या आत लावायचा. या लाइनला जाणार असाल तर पहिल्याच दिवशी तिथल्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला विचारा, माझा बॅज कुठाय? डोसचा रिपोर्टही मागा. मैत्रिणीने गेल्या आठवड्यात मागितला. ‘तुला कशाला हवाय?’ असं उत्तर आलं. ती म्हणाली, ‘माझा आहे म्हणून,’ आणि मिळेपर्यंत तिथेच उभी राहिली.