फळी कुठल्या बाजूला वाकते? : लाकडी जहाजाच्या मॉडेलबद्दल थोडं

थीसियसच्या जहाजाचा प्रश्न आम्ही वर्गात तीस वर्षं शिकवला. एकेक जुनी फळी काढून नवी बसवत गेलं, तर जहाज तेच राहतं का? पण मुळात फळी बसवतात कशी, हे आम्हाला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं. आज त्याबद्दलच बोलू.

आम्ही करायला घेतली ती 'त्रिंकोमाली'. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ही ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट 1817 साली पाण्यात उतरली, आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे. तोफांच्या डेकवर तिची लांबी सुमारे 150 फूट. 1:96 प्रमाणात ती साधारण 48 सेंटिमीटर होते, म्हणजे टेबलावर मावते.

पहिला मोह होतो तो सागवानच वापरण्याचा. वापरू नका. जहाज 96 पट लहान होतं, पण लाकडाचं पोत लहान होत नाही. सागाची मोठी छिद्रं पाव मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यांना 96 ने गुणा, म्हणजे खऱ्या फळीला जवळजवळ अडीच सेंटिमीटरची भोकं! शिवाय साग तेलकट, गोंद नीट धरत नाही. जुने इंग्रज कारागीर मॉडेलसाठी बॉक्सवूड किंवा पेअर वापरत. आपल्याकडचा हेदही बारीक, सारख्या पोताचा असतो. सागाच्या जहाजाची खरी वाटणारी प्रतिकृती सागाशिवायच होते, बरं का. यावर वेगळं व्याख्यान होईल.

हत्यारं फार लागत नाहीत. धारदार सुरी, पोलादी पट्टी, डिवायडर, छोटा रंधा, पॉलिश पेपर, फेव्हिकॉल आणि कपड्यांचे चिमटे. चिमटे भरपूर घ्या.

मधे कील, म्हणजे जहाजाचा कणा, आणि त्यावर आडवे बसवलेले बल्कहेड असा सांगाडा असतो. नाळेकडे आणि पिछाडीकडे बल्कहेडच्या कडा तिरक्या घासाव्या लागतात. एक पातळ पट्टी सगळ्यांवरून धरून पाहायची. ती प्रत्येक कडेला पूर्ण रुंदीनं टेकली पाहिजे, नुसत्या कोपऱ्याला नव्हे. इथे घाई केलीत तर पुढे उंचवटे दिसतात.

आता खरी गोष्ट. फळी चपट्या बाजूनं वाकते, पिळलीही जाते. पण कडेच्या बाजूनं वाकत नाही. जबरदस्ती केली की दुसरी कड उचलते. म्हणून आधी मोजायचं. समजा मध्यभागी सांगाड्याचा घेर एका बाजूला 96 मिलिमीटर आहे आणि फळी 4 मिलिमीटरची, तर 24 फळ्या लागतील. नाळेपाशी घेर 60 भरला, तर तिथे प्रत्येक फळी अडीच मिलिमीटर हवी. तेवढी ती निमुळती करून घ्यायची. निम्म्याहून कमी, म्हणजे इथे 2 मिलिमीटरखाली जायची वेळ आली, तर दोन फळ्यांच्या जागी एकच करतात. एवढं करूनही बसत नसेल, तर रुंद पातळ तुकड्यातून ती वक्र आकाराचीच कापून काढायची.

वाकवण्याबद्दल एक गैरसमज आहे. लोक फळी रात्रभर भिजत घालतात. पण मुख्य काम उष्णतेचं असतं. लाकडातले तंतू एकत्र धरणारं लिग्निन तापलं की मऊ होतं आणि थंड झालं की नव्या आकारात घट्ट होतं. आम्ही फळी थोडा वेळ भिजवतो, हेअर ड्रायरची गरम हवा देत हळूहळू वाकवतो आणि गार होईपर्यंत तशीच धरतो.

सर्वांत मोठी चूक आमचीच. उजवी बाजू आधी पूर्ण केली, डावी मग करू म्हटलं. एका बाजूच्या ओढीनं कील केळ्यासारखी वाकली. दोरा ताणून पाहिला तेव्हा कळलं, सात महिन्यांचं काम वाकडं होतं. दोन दिवस त्याच्याकडे पाहवलं नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून गोंद सैल केला आणि एकेक फळी सोडवली. पुढे एक उजवीकडे, लगेच तिची जोडीदार डावीकडे, या क्रमानं सगळं पुन्हा बसवलं. निम्म्या फळ्या जुन्याच होत्या, निम्म्या नव्या. थीसियसबद्दल आमचं मत तेव्हा जरा बदललं.

कील अजूनही दोन मिलिमीटर वाकडी आहे. पाहुणे आले की पिछाडी भिंतीकडे करून ठेवतो. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.